काचेखालचा जोड सुटता हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या मत्स्यालयावर आलेला लेख वाचला. टाकीखाली संप (पाणी गाळायची दुसरी, लहान टाकी) ठेवायचा, काचेला भोक पाडून वरचं जादा पाणी त्यात उतरवायचं, तिथं ते गाळायचं आणि पंपानं परत वर चढवायचं, हे लेखकानं सोप्या भाषेत सांगितलंय. सोबतचं चित्रही नीट काढलेलं आहे. माझी मुख्य हरकत एका सूचनेला आहे. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली नेणाऱ्या, नळीचे सगळे जोड सोल्युशननं (पाइप चिकटवायच्या द्रवानं) कायमचे चिकटवून टाकावेत, म्हणजे गळतीचा प्रश्न उरत नाही, असं त्यात म्हटलंय. ही ओळ पेनानं अधोरेखित केलेलं कात्रण खिशात घालून गिऱ्हाइकं आमच्या दुकानात यायला लागली आहेत. प्रत्येकाला काउंटरवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहावं म्हटलं.

आमचं दुकान माधवनगर रस्त्याला आहे. पाइप, फिटिंग, ठिबकचं सामान. सासऱ्यांनी सुरू केलं. आता गोडाऊन यजमान बघतात आणि काउंटरवर मी बसते. घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी आहे. काठोकाठ भरली तर ३४० लिटरची. हौस मुलाची. तो नोकरीला पुण्याला गेला, मासे आमच्याकडे राहिले. त्यामुळं फिटिंग विकणं आणि तेच फिटिंग टाकीखाली वाकून उघडणं या दोन्ही गोष्टी माझ्या वाट्याला आल्या आहेत.

सोल्युशनला मी वाईट म्हणत नाही. ते नुसता गोंद नाही. पाइपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग ते विरघळवतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळून एकच होतात. नीट लावलेला आणि नीट वाळू दिलेला असा जोड आट्यांच्या जोडापेक्षा भरवशाचा असतो. बाथरूमच्या भिंतीत गाडायच्या पाइपला तो हवाच. पण ओव्हरफ्लोची नळी भिंतीत गाडलेली नसते. तिच्यातून दिवसरात्र घाण वाहते. माशांची विष्ठा, कुजलेली पानं, गोगलगायी, कधी एखादं मेलेलं पिल्लू. ती तुंबणारच, आणि तुंबली की ती उघडता आली पाहिजे. तासगावकडचा द्राक्षवाला ठिबकचा स्क्रीन फिल्टर बसवायला येतो, तेव्हा तो दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे नट फिरवून सुटणारा जोड, न विचारता घेतो. जाळी काढून धुवायची आहे हे त्याला ठाऊक असतं. मत्स्यालयवाला मात्र शोभेची वस्तू घेऊन जातोय अशा समजुतीत असतो, आणि सगळं पक्कं करून मागतो.

त्यात आपल्याकडचं पाणी. कृष्णाकाठची क्षारपड जमीन सगळ्यांना माहीत आहे. मिरज आणि वाळवा तालुक्यांत एकरच्या एकर रान तिनं खाल्लंय. तिथल्या बोअरचं पाणी कसं असतं हे गिझरच्या कॉइलला विचारावं. हेच पाणी टाकीत घातलं की ओव्हरफ्लोच्या कंगव्यावर (जादा पाणी जिच्यातून जातं त्या दातेरी पट्टीवर), नळीच्या तोंडाशी आणि व्हॉल्व्हच्या गोळ्यावर पांढरा थर चढतो. तो घासून जात नाही. फिटिंग काढून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, मग जुन्या दातांच्या ब्रशनं सुटतं. आता चिकटवलेलं फिटिंग बादलीत कसं बुडवणार? टाकीत मासे असताना व्हिनेगर वर ओतायचं काय?

आणि दुसरं कारण, जे सांगलीतल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा घरं रिकामी करायची वेळ आली. गावभागात आमच्या ओळखीच्या एका घरी खालच्या मजल्यावर अशीच संपवाली टाकी होती. मासे आधीच ड्रममध्ये काढले होते, पाणी उपसलं होतं, चार माणसं टाकी उचलायला उभी होती, आणि टाकी हलेना. तळाच्या भोकातून निघालेली नळी कपाटाच्या फळीतून खाली संपात गेलेली, वरपासून खालपर्यंत एकसंध चिकटवलेली. गल्लीच्या तोंडाशी पाणी आलंय आणि घरात हॅक्सॉ शोधताहेत. शेवटी नळी कापली, पण करवतीच्या हिसक्यानं भोकापासून कडेपर्यंत काच चिरली. तिथं एक युनियन असता तर हातानं फिरवून पाच मिनिटांत टाकी मोकळी झाली असती. ज्या गावात दर पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारले जातात, तिथं जमिनीलगतच्या खोलीत कायमची जखडलेली टाकी असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सुटता जोड नेमका कुठं हवा, ते सांगते. कारण याच्या उलट टोकाचीही माणसं येतात. त्यांना प्रत्येक वळणावर युनियन हवा असतो. मी दुकानदार असूनही तो विकायला नाखूश असते. प्रत्येक युनियनमध्ये एक रबरी ओ-रिंग असते आणि रबर आज ना उद्या कडक होतं. जितके युनियन, तितक्या गळायच्या जागा. संपाजवळची वळणं, एल्बो, कपलर खुशाल चिकटवा. तिथं चूक झाली तर वीतभर पाइप कापून नवा लावता येतो, आणि पाणी गळलं तरी बहुतेक वेळा संपातच पडतं. खरी जपायची जागा एकच. भोक पाडलेली काच. ती बदलता येत नाही. म्हणून काचेला लागून जे काही बसवाल, ते काचेला धक्का न लावता निघालं पाहिजे.

काचेच्या भोकात बसतो तो टँक निपल. वर कॉलर, मध्ये रबरी वायसर, खालून चेक नट. त्याचे दोन प्रकार मिळतात. एकाच्या खालच्या तोंडात पाइप घालून सोल्युशननं चिकटवायचा असतो, दुसऱ्याला आटे असतात. पहिला स्वस्त, म्हणून मिस्त्री तोच सुचवतात आणि वर म्हणतात, "वहिनी, खाली युनियन देतोय की, मग काय?" इथंच गोम आहे. टँक निपलच्या तोंडात पाइपचा तुकडा चिकटवला आणि त्याखाली युनियनचा अर्धा भाग चिकटवला, की चेक नट त्या दोहोंच्या मध्ये कैद होतो. युनियन उघडल्यावर खालची नळी बाजूला होते, हे खरं. पण वायसर बदलायला निपल काढायचा म्हटलं तर चेक नट खाली घसरून युनियनच्या जाड भागावर अडतो. तो निघत नाही, म्हणून निपल निघत नाही. पुन्हा हॅक्सॉ.

याच्या उलट, नुसते आटे असलेला निपल घेतला आणि युनियन वगळला, तरी भागत नाही. आट्यांचा जोड सुटतो, पण फिरवला तर. खाली संपापर्यंत वळणं घेत गेलेली अख्खी नळी कपाटात गोल फिरवणार कशी? सगळं चिकटवा म्हणणाऱ्या लेखातच, चित्रात खालच्या बाजूला एक आट्यांचं फिटिंग दाखवलंय आणि ते सुटतं असं म्हटलंय. कागदावर सुटतं.

म्हणून दोन्ही हवेत. खाली आटे असलेला टँक निपल. त्याला आतून आटे असतील तर एमटीए (बाहेरून आटे असलेला अडॅप्टर), बाहेरून असतील तर एफटीए (आतून आटे असलेला). त्यात बोटभर पाइपचा तुकडा, आणि लगेच युनियन. युनियन उघडला की वर उरतो तो हातात मावणारा छोटासा भाग. तो टाकीखाली सहज फिरतो, आट्यांतून सुटतो, मागोमाग चेक नट खाली येतो आणि निपल वरून उचलला जातो. एवढ्यासाठी खर्च वाढतो तो एका आट्यांच्या अडॅप्टरचा. काचेच्या किमतीपुढं तो काहीच नाही.

टाकीच्या आत, ओव्हरफ्लोच्या खणात जी उभी नळी असते, ती तर कधीच चिकटवू नये. निपलच्या वरच्या तोंडात ती नुसती दाबून बसवायची. गिऱ्हाईक विचारतं, गळणार नाही का? थोडं झिरपेल. पण झिरपून जाणार कुठं? त्याच नळीतून खाली संपात, जिथं ते पाणी एरवीही जाणार होतं. जमिनीवर थेंब पडत नाही. एकच ध्यानात ठेवायचं, पंप बंद असताना त्या खणातलं पाणी हळूहळू खाली उतरतं. तेवढी जागा संपात धरायची. बाकी नळीत गोगलगाय अडकली की उभी नळी उपटायची, बागेच्या नळाखाली धुवायची आणि परत खोचायची.

मापाचा गोंधळ हा वेगळाच विषय आहे, आणि दुकानात सगळ्यात जास्त डोकं त्यावरच खर्ची पडतं. "एक इंची द्या" म्हणून माणूस येतो. कुठला एक इंची? प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी एक इंची पाइप बाहेरून ३३.४ मिलिमीटर असतो. गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी एक इंची बाहेरून २८.६. आणि शेतीचा राखाडी पाइप, ज्याला बोलताना तिकडचे लोकही एक इंचीच म्हणतात, तो ३२. तिन्ही एकाच रॅकवर शेजारी शेजारी उभे. राखाडी पाइप पांढऱ्या फिटिंगमध्ये जातो, किंचित सैल. सोल्युशन भरपूर लावलं तर बसल्यासारखाही वाटतो. महिन्या-दोन महिन्यांनी तिथून पाझर लागतो. ऑनलाइन मागवलेल्या टँक निपलवर २५, ३२, ४० असे मिलिमीटरचे आकडे असतील तर तो पांढऱ्या इंची पाइपला बसेल असं गृहीत धरू नका. काउंटरवर मी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) ठेवलाय तो यासाठीच. फिटिंग घेऊन या, मोजून देते. आणि यूपीव्हीसीचं सोल्युशन वेगळं, सीपीव्हीसीचं वेगळं; घरात उरलेल्या डबीवर दोन्ही चालवू नयेत.

आट्यांचंही तसंच. आपल्याकडचे आटे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. अमेरिकेहून येणाऱ्या काही टँक निपलला एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे आटे असतात. अर्ध्या आणि पाऊण इंचीत दोहोंच्या आट्यांची संख्या सारखीच, इंचाला १४, म्हणून ते एकमेकांत गोडीनं शिरतात आणि नंतर कचकतात, कारण एकाच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०. एक इंचीत तर संख्याही जुळत नाही, ११ विरुद्ध साडेअकरा. पाना लावून जबरदस्ती केली की प्लॅस्टिकला उभी चीर जाते. आणखी एक बारकावा. बाहेरच्या काही टँक निपलचे चेक नट उलट्या आट्यांचे असतात. सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी एकदा उलट फिरवून बघावं.

म्हणूनच भोक पाडणाऱ्याकडं जाताना टँक निपल हातात घेऊन जावं, नुसतं माप सांगू नये. निपलच्या पाइपचं माप एक इंच असलं तरी काचेतून जाणारा त्याचा धड बराच जाड असतो, आणि कंपनीगणिक वेगळा. भोक धडापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं पुरतं. त्याहून मोठं झालं तर वायसरला बसायला काच उरत नाही. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी आत असावी. आणि टफन केलेल्या काचेला भोक पडत नाही, तिचा भुगा होतो. तयार टाकी घेताना तळाची काच साधी की टफन, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

पितळेचा मोह टाळा, ही माझी कळकळीची विनंती. सीपीव्हीसीच्या अडॅप्टरमध्ये पितळी आट्यांचे येतात. वजनदार, चकचकीत, हातात घेतल्यावर पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. नळाच्या पाण्याला ते उत्तम. पण पितळेत तांबं असतं, आणि पाण्यात उतरलेलं तांबं झिंग्यांना, गोगलगायींना मारतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तर धातू नकोच. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) निपल घरात पडलाय म्हणून तो वापरणारेही भेटतात. त्यावरचा जस्ताचा थर पाण्यात उतरतो. मत्स्यालयाला पूर्ण प्लॅस्टिकचे आटे, बस्स. ते नाजूक असतात म्हणून पान्यानं नाही, हातानं आवळायचे.

आवळण्यावरून आठवलं. टेफलॉन टेप ही आपल्या लोकांची मोठी श्रद्धा आहे. दिसेल त्या आट्याला गुंडाळतात. एमटीए निपलमध्ये जातो त्या आट्यांना टेप हवी, घड्याळाच्या दिशेनं, दोन-तीन वेढे. चेक नटच्या आट्यांना नको, कारण तिथं पाणी अडवतो तो वायसर. युनियनच्या आट्यांना तर मुळीच नको. तिथं पाणी अडवते ओ-रिंग. टेपेमुळं नट पूर्ण बसत नाही, ओ-रिंग दाबली जात नाही आणि मग "युनियन खराब निघाला" म्हणून माणूस परत येतो. ओ-रिंगला खोबरेल, ग्रीस, व्हॅसलीन लावणारेही आहेत. या रिंगा बऱ्याचदा ईपीडीएम रबराच्या असतात आणि अशा तेलानं ते रबर फुगतं, सैल होतं. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं की पुरे.

टँक निपलचा वायसर पाण्याच्या बाजूला, म्हणजे आत, कॉलर आणि काच यांच्या मध्ये येतो. चेक नट बाहेरून हातानं घट्ट करायचा आणि मग पाव फेरा, त्याहून जास्त नाही. वायसरवर वरून सिलिकॉन थापण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. त्यानं वायसर घसरतो, आणि पुढं काढायच्या वेळी ब्लेडनं खरवडत बसावं लागतं. मग सुटतं फिटिंग घेतलं कशाला?

युनियन बसवताना मिस्त्री एक गोष्ट हमखास विसरतात. युनियनचा नट पाइपवर आधी ओवायचा आणि मग चिकटवायचं. दुसरं असं की युनियनची दोन तोंडं समोरासमोर, एका रेषेत यायला हवीत. वाकडी नळी ओढून-ताणून नटानं जुळवली तर ओ-रिंगच्या एका बाजूला फट राहते, आणि तो सगळा ताण वर काचेवर जातो. यावर आपल्या भागात एक झकास उपाय मिळतो, शेतातल्या पंपाचा हिरवा सक्शन पाइप. युनियनखाली होज निपल लावायचा, त्यावर हा पाइप चढवून स्टेनलेसची क्लिप आवळायची. वाकडंतिकडं सगळं तो सामावून घेतो, पंपाची थरथरही कमी पोचते. मात्र त्याला पोट सुटू देऊ नका. मध्येच लोंबला तर तिथं पाणी साचतं, हवा कोंडते आणि टाकी अडखळत, घुटक्या घेतल्यासारखी वाहते. ठिबकचं ग्रोमेट (भोकात दाबून बसवायची रबरी कडी) काचेच्या भोकात बसवू का, असंही विचारतात. संप म्हणून प्लॅस्टिकचा ड्रम असेल तर त्याला बसवा. मुख्य टाकीच्या काचेला मी ते देत नाही.

नळीच्या जाडीबद्दल लेखात एक शब्द नाही. वर चढणाऱ्या पाण्यामागं पंपाचा जोर असतो, खाली येणाऱ्यामागं फक्त स्वतःचं वजन. म्हणून उतरणारी नळी चढणाऱ्या नळीपेक्षा मोठी हवी. परतीला पाऊण इंची असेल तर उतरायला मी सव्वा इंची देते. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. चार-पाच फूट चढवल्यावर त्यातलं बरंच कमी होतं, पण नळी निवडताना तो पूर्ण आकडाच धरलेला बरा. नव्वद अंशांच्या एका एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन वापरले तर घाणही कमी अडकते. संपात नळीचं तोंड पाण्यात इंचभर बुडालं की पुरे. खोल बुडवलं तर नळीतली हवा बाहेर पडत नाही.

खळखळाटाची तक्रार असते. एकच भोक असेल तर वरच्या टोकाला टी (तीन तोंडांचं फिटिंग), टोपीला हवेचं छोटं भोक आणि पाण्याखाली वळवलेलं तोंड, अशी उभी नळी करतात. रिचर्ड दुर्सो नावाच्या अमेरिकन हौशी माणसाच्या नावानं ती ओळखली जाते. या नळीला खाली व्हॉल्व्ह लावून पाणी आवळू नये. दोन भोकं असतील तर सगळ्यात शांत काम होतं. एक नळी पूर्ण भरून वाहते आणि तिच्यावर व्हॉल्व्ह असतो. दुसरी थोडी उंच, एरवी कोरडी, पहिली तुंबली तरच पाणी घेणारी. या दुसरीवर व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही. घरातलं लहान मूल कधी काय फिरवेल सांगता येत नाही. व्हॉल्व्ह घ्यायचाच तर दोन्ही बाजूंना युनियन असलेला बॉल व्हॉल्व्ह घ्या. गोळ्यावर क्षार बसला की तो आख्खा काढून व्हिनेगरात टाकता येतो. साधा चिकटवायचा बॉल व्हॉल्व्ह आपल्या पाण्यात काही दिवसांनी फिरेनासा होतो, आणि जोर लावला की दांडी हातात येते.

वीज जाते तेव्हा काय होतं, हेही लेखात यायला हवं होतं. पंप थांबला की कंगव्याच्या वरचं पाणी आणि परतीच्या नळीतलं पाणी खाली उतरतं. चार बाय दीड फुटी टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण साडेपाच लिटर. परतीच्या नळीचं तोंड चार सेंटिमीटर खोल असेल, तर तिथपर्यंतचं बावीस लिटर सायफननं संपात येणार. तेवढी रिकामी जागा नसेल तर ते फरशीवर. लोक यावर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावतात आणि निर्धास्त होतात. त्याच्या झडपेत शेवाळाचा एक धागा अडकला की तो गळतो. लावायचाच तर दोन युनियनच्या मध्ये लावा, म्हणजे काढून धुता येईल. पण भरवसा संपातल्या रिकाम्या जागेवर ठेवा. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली छोटं भोक पाडलं तर हवा शिरून सायफन तुटतो. त्या भोकात शेवाळ धरतं, म्हणून वरचं तोंडही खोचून बसवलेलं, निघणारं असावं.

सगळं जोडून झाल्यावर चिकटवलेले जोड एक दिवस वाळू द्यावेत आणि मग टाकी साध्या पाण्यानं भरून, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरून रात्रभर ठेवावी. कागदावर डाग पडला की जागा कळते. (आपल्या दैनिकाचा हा उपयोग आपल्याला आवडणार नाही, पण यासाठी त्याहून चांगलं काही मिळत नाही.)

तयार टाक्या विकणाऱ्यांना एक सांगणं आहे. टाकीसोबत फिटिंगचा एक कागद द्या. टँक निपल कुठल्या मापाचा, आटे बीएसपी की एनपीटी, पाइप पांढरा की राखाडी, भोक किती मिलिमीटरचं. आता होतं असं की गिऱ्हाईक मोबाइलवर अंधारातला फोटो दाखवतं आणि "असलंच द्या" म्हणतं. फोटोवरून आटे मोजता येत नाहीत.

आणि घेणाऱ्यांनी युनियन घेतानाच जादा ओ-रिंगा आणि टँक निपलचा एक वायसर घेऊन ठेवावा. कंपन्या साचे बदलतात. काही वर्षांनी त्याच नावाच्या युनियनची रिंग वेगळ्या मापाची येते. पिशवीवर माप लिहून ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाकावी. आपल्या लेखकांनी पुढच्या भागात चित्र दुरुस्त करून छापलं, तर ते मी दुकानात काचेखाली लावीन.

कळावे.

आपली एक वाचक,
माधवनगर रस्ता, सांगली
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)